एफए कपच्या अंतिम सामन्याचे एवढे कौतुक कशासाठी? अडतीस सामने खेळून लीग जिंकणारा संघच खरा विजेता नव्हे का?

आपण विचारले आहे की लीगमध्ये अडतीस सामने खेळून जो संघ पहिला येतो तोच सर्वोत्तम ठरतो, मग एका संध्याकाळच्या खेळावर ठरणाऱ्या एफए कपला, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेला, एवढे महत्त्व कशासाठी द्यायचे, त्यात नशिबाचाच भाग अधिक नसतो का, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याने त्या सामन्यात नेमके काय पाहावे.

आपल्या शंकेत तथ्य आहे आणि ते मी आधीच मान्य करतो. इंग्लंडमधला सर्वांत चांगला संघ कोणता हे शोधायचे असेल तर साखळी पद्धतच योग्य आहे. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या विभागात, प्रत्येक संघ इतर एकोणीस संघांशी दोनदा, एकदा घरच्या आणि एकदा परक्या मैदानावर खेळतो. एखाद्या शनिवारी पंचांची चूक झाली, गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला किंवा मुख्य आघाडीपटू जायबंदी झाला, तरी पुढच्या आठवड्यांत ती तूट भरून काढता येते. एफए कपमध्ये ती सोय नाही. माझ्या मते अंतिम सामन्याचे मोल नेमके या सोय नसण्यात आहे, कारण त्या दिवशी मैदानावर जे घडते ते पुढे कोणालाही दुरुस्त करता येत नाही.

मी परळचा राहणारा. माझे वडील तरुणपणी लालबाग-परळ भागातल्या स्पर्धांमध्ये कबड्डी खेळत. फुटबॉलशी त्यांचा संबंध फारसा नव्हता, पण ११ मे २०१३ च्या रात्री मी अंतिम सामना पाहत असताना ते शेजारी येऊन बसले आणि स्पर्धा कशी चालते ते मला विचारू लागले. मी बाद फेऱ्यांची रचना समजावून सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे इथे एकदा बाद झाला की पुन्हा जिवंत करायला कोणी नाही." कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो खरा, पण आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की तो परत मैदानात येतो. साखळी स्पर्धाही काहीशी तशीच असते. वडिलांच्या त्या एका वाक्याने मला एफए कप जितका कळला तितका तो अनेक वर्षांच्या वाचनाने कळला नव्हता.

या स्पर्धेत दरवर्षी ७०० हून अधिक क्लब उतरतात. नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी सराव करणारे खेळाडू ज्यांच्यात आहेत असे लहान गावांतले क्लब ऑगस्टमध्ये सुरुवात करतात, आणि वरच्या दोन विभागांतले क्लब जानेवारीत तिसऱ्या फेरीपासून सामील होतात. कोण कोणाशी खेळणार ते चिठ्ठ्या काढाव्यात तसे चेंडू काढून ठरते आणि त्यात मानांकन नसते. त्यामुळे दोन बलाढ्य संघ तिसऱ्याच फेरीत एकमेकांसमोर येऊ शकतात, किंवा खालच्या विभागातल्या क्लबच्या छोट्याशा मैदानावर लीगविजेत्याला जावे लागते. मे महिन्यातल्या अंतिम सामन्यापर्यंत दोन सोडून बाकी सगळे क्लब प्रत्येकी एकदा हरलेले असतात, केवळ एकदाच, आणि तेवढे त्यांना घरी पाठवायला पुरेसे असते.

स्पर्धेची कल्पना इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे सचिव चार्ल्स अल्कॉक यांनी १८७१ मध्ये मांडली. पहिल्या वर्षी अवघे १५ क्लब सहभागी झाले आणि पहिला अंतिम सामना १६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल या क्रिकेटच्या मैदानावर झाला. ओव्हल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजाबाई टॉवरखालचे मैदान येते, पण फुटबॉलमधल्या या सर्वांत जुन्या राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला करंडक लंडनच्या ओव्हलवर जिंकला गेला. वाँडरर्स संघाने रॉयल इंजिनिअर्सचा १-० असा पराभव केला, आणि विजयी संघाचे कर्णधार स्वतः अल्कॉकच होते. तो मूळ करंडक आज अस्तित्वात नाही. १८९५ मध्ये तो ॲस्टन व्हिला संघाकडे असताना बर्मिंगहॅममधल्या एका दुकानाच्या काचेच्या खिडकीत मांडून ठेवला होता. तेथून तो चोरीला गेला आणि कधीच सापडला नाही.

या सामन्याला लोकांच्या मनात जे स्थान मिळाले ते मात्र १९२३ पासूनचे आहे. त्या वर्षी वेम्बलीचे नवे स्टेडियम सुमारे ३०० दिवसांत बांधून पूर्ण झाले आणि २८ एप्रिलला बोल्टन वाँडरर्स विरुद्ध वेस्ट हॅम युनायटेड हा तेथला पहिला अंतिम सामना ठरला. स्टेडियम एवढे प्रचंड होते की सगळी तिकिटे आधी विकण्याची गरज कोणाला वाटली नाही. अधिकृत नोंद १,२६,०४७ प्रेक्षकांची आहे, पण कुंपणे आणि दारे ओलांडून आत शिरलेल्यांची गणती त्यात नाही, आणि प्रत्यक्षात दोन लाखांहून अधिक लोक असावेत असा अंदाज वारंवार केला गेला आहे. गणपती विसर्जनाच्या संध्याकाळी लालबागच्या रस्त्यावर उभे राहिलेल्या माणसाला या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. फरक इतकाच की ही गर्दी रस्त्यावर नव्हती, ती खेळण्याच्या हिरवळीवरच उतरली होती. घोडेस्वार पोलिसांनी लोकांना हळूहळू सीमारेषेपर्यंत मागे सरकवले. त्यांच्यात जॉर्ज स्कोरी नावाचा शिपाई बिली नावाच्या करड्या घोड्यावर होता. त्या काळच्या कृष्णधवल चित्रफितीत तो घोडा पांढराशुभ्र दिसला आणि सामन्याचे नाव कायमचे 'पांढऱ्या घोड्याचा अंतिम सामना' असे पडले. खेळ सुमारे पाऊण तास उशिरा सुरू झाला. दुसऱ्याच मिनिटाला बोल्टनच्या डेव्हिड जॅकने गोल केला तेव्हा वेस्ट हॅमचा एक खेळाडू चेंडू आत फेकल्यानंतर प्रेक्षकांच्या गराड्यातच अडकलेला होता. मध्यंतरात संघांना खोल्यांपर्यंत जायला वाट नव्हती, म्हणून ते मैदानावरच थांबले. बोल्टनने सामना २-० असा जिंकला. त्याच जागी पुढे बांधलेल्या आजच्या वेम्बलीजवळच्या पादचारी पुलाला आज त्या पांढऱ्या घोड्याचेच नाव आहे. एवढा मोठा जमाव जीवघेणी दुर्घटना न घडता पांगला, ही गोष्ट मला त्या सामन्यातल्या दोन्ही गोलांपेक्षा मोठी वाटते.

आता नशिबाविषयी. होय, नशीब असते, आणि ते निर्दय असते. १९२७ मध्ये कार्डिफ सिटीने आर्सेनलला १-० असे हरवले आणि हा करंडक इंग्लंडबाहेर गेला. तसे आजवर फक्त त्या एकाच वेळी घडले आहे. ह्यूई फर्ग्युसनचा फटका फारसा जोरदार नव्हता. आर्सेनलचा गोलरक्षक डॅन लुईस याने चेंडू अडवलाही, पण तो त्याच्या हाताखालून निसटून गोलरेषेपलीकडे गेला. लुईस स्वतः वेल्सचा होता आणि कार्डिफही वेल्समधले, त्यामुळे त्याच्यावर नाही नाही ते संशय घेतले गेले. सामन्यानंतर त्याने उपविजेतेपदाचे पदक फेकून दिले आणि त्याच्या सहकाऱ्याने ते उचलून, तुला पुन्हा संधी मिळेल, असा धीर दिला, अशी आठवण सांगितली जाते. आर्सेनल १९३० मध्ये पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला आणि जिंकलाही, पण दुखापतीमुळे लुईस त्या सामन्यात खेळू शकला नाही. लीगमधल्या अशा चुका वर्षअखेरीस कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. लुईसची चूक शंभर वर्षे होत आली तरी लोकांच्या स्मरणात आहे. हे न्याय्य आहे असे मी म्हणणार नाही, पण ज्या सामन्यात एवढी किंमत मोजावी लागते त्यात उतरणाऱ्या माणसांविषयी मला विलक्षण आदर वाटतो.

याच कारणासाठी बर्ट ट्राउटमनचा सामना मी अनेकांना सांगत आलो आहे. ट्राउटमन दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यात छत्रीधारी सैनिक होता आणि युद्धकैदी म्हणून इंग्लंडमध्ये आला. सुटकेनंतर तो मायदेशी परतला नाही. १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला गोलरक्षक म्हणून घेतले तेव्हा हजारो लोकांनी रस्त्यावर उतरून निषेध केला, आणि युद्धाच्या जखमा ताज्या असताना ते अगदीच अनाकलनीय नव्हते. ५ मे १९५६ रोजी बर्मिंगहॅम सिटीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याचा संघ ३-१ असा पुढे होता. सामना संपायला सतरा मिनिटे उरली असताना त्याने प्रतिस्पर्ध्याच्या पायांत झेप घेतली आणि त्याच्या मानेला जबर मार बसला. त्या काळी बदली खेळाडूची सोय नव्हती. तो बाहेर गेला असता तर एखाद्या बचावपटूला गोलमध्ये उभे राहावे लागले असते. तो थांबला, त्यानंतरही त्याने चेंडू अडवले, आणि संघ जिंकला. मानेचे हाड मोडले आहे हे काही दिवसांनी एक्स-रे काढल्यावर कळले. ज्या शहराने त्याच्याविरुद्ध निषेध केला होता त्या शहराने त्याला पुढे आपले मानले. चार दिवसांनी दुसरा सामना असता तर कोणत्याही शहाण्या प्रशिक्षकाने त्याला मैदानाबाहेर घेतले असते. दुसरा सामना नव्हता, म्हणून तो थांबला.

१९५३ चा सामना मात्र स्टॅन्ली मॅथ्यूजच्या नावाने ओळखला जातो याची मला नेहमी खंत वाटते. ब्लॅकपूल १-३ असा मागे पडला असताना ३८ वर्षांच्या मॅथ्यूजने उजव्या बगलेवरून जो खेळ केला तो अप्रतिम होताच, पण त्या ४-३ च्या विजयात तीन गोल स्टॅन मॉर्टेन्सनचे होते, आणि वेम्बलीवरच्या एफए कपच्या अंतिम सामन्यात एका खेळाडूने तीन गोल करण्याची ती एकमेव घटना आहे. सामन्याला नाव मॉर्टेन्सनचे असायला हवे होते.

दुसऱ्या विभागातला संडरलँड १९७३ मध्ये गतविजेत्या लीड्सला १-० असा हरवू शकला, कारण जिम माँटगोमेरीने एकापाठोपाठ एक दोन फटके अडवले. १९८८ मध्ये, अवघ्या अकरा वर्षांपूर्वी फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळालेल्या विम्बल्डनने त्या वर्षीच्या लीगविजेत्या लिव्हरपूलला तसेच १-० असे हरवले, आणि त्यांचा कर्णधार व गोलरक्षक डेव्ह बीझंट याने पेनल्टी अडवली. या दोन्ही विजेत्यांना साखळीत त्या प्रतिस्पर्ध्यांच्या पुढे जाणे शक्य नव्हते.

आता वडिलांबरोबर पाहिलेल्या त्या सामन्याकडे येतो, कारण आपल्या प्रश्नाचे माझे खरे उत्तर तेथे आहे. विगन ॲथलेटिक विरुद्ध मँचेस्टर सिटी. विगनचे मालक डेव्ह व्हेलन हे स्वतः फुटबॉलपटू होते. १९६० मध्ये ते ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून वेम्बलीवर अंतिम सामना खेळले आणि मध्यंतराच्या थोडे आधी त्यांचा पाय मोडला. बदली खेळाडू नसल्यामुळे उरलेला सामना ब्लॅकबर्नने दहा जणांनिशी खेळला आणि ०-३ असा गमावला. व्हेलन पुढे व्यवसायात शिरले, १९९५ मध्ये त्यांनी विगनचा क्लब घेतला तेव्हा तो लीगच्या तळाच्या विभागात होता, आणि दहा वर्षांत तो प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. २०१३ च्या त्या दिवशी, पाय मोडून बाहेर पडल्यानंतर ५३ वर्षांनी, ७६ वर्षांचे व्हेलन आपल्या संघाच्या पुढे चालत वेम्बलीच्या हिरवळीवर आले. मी हे वडिलांना सांगितले तेव्हापासून ते विगनच्या बाजूचे झाले.

आपल्याकडे सामना रात्री पावणेदहाला सुरू झाला होता. सिटीकडे त्या वेळी जगातल्या सर्वांत महागड्या संघांपैकी एक होता. विगन लीगमध्ये तळाशी धडपडत होता. शेवटच्या काही मिनिटांत सिटीचा पाब्लो झबालेटा लाल कार्ड मिळून बाहेर गेला. साडेअकराच्या सुमारास, भरपाई वेळेत, विगनला कॉर्नर मिळाला. शॉन मॅलोनीने चेंडू आत टाकला आणि बदली म्हणून आलेल्या बेन वॉटसनने डोक्याने तो जाळ्यात धाडला. वॉटसनचा पाय त्याच हंगामात मोडला होता आणि तो नुकताच खेळायला परतला होता. आमच्या घरात इतर सगळे झोपले होते, त्यामुळे वडिलांनी ओरडायचे टाळून फक्त माझा दंड घट्ट पकडला.

त्या शनिवारनंतरच्या मंगळवारी विगन आर्सेनलकडून १-४ असा हरला आणि प्रीमियर लीगमधून खालच्या विभागात गेला. एकाच हंगामात एफए कप जिंकणारा आणि वरच्या विभागातून बाहेर पडणारा तो पहिला संघ. म्हणजे तीन दिवसांच्या आत दोन्ही पद्धतींनी आपापले उत्तर दिले: साखळीने सांगितले की हा संघ पहिल्या सतरांतही बसत नाही, आणि बाद पद्धतीने सांगितले की करंडक त्याचाच आहे. आपण विचारता त्याप्रमाणे यातले खरे उत्तर कोणते, असे मला विचाराल तर मी म्हणेन की दोन्ही खरी आहेत, कारण दोन्ही प्रश्न वेगळे होते. वर्षभर सातत्याने चांगले कोण खेळते, हा एक प्रश्न झाला. ज्या नव्वद मिनिटांनंतर पुढे काहीही नाही, त्या नव्वद मिनिटांत कोण काय करते, हा दुसरा.

अर्थात आजच्या स्थितीबद्दल आपल्यापासून काही लपवणे योग्य होणार नाही. वरच्या विभागाबाहेरच्या क्लबने हा करंडक जिंकल्याची शेवटची घटना १९८० ची, वेस्ट हॅमची. श्रीमंत क्लब सुरुवातीच्या फेऱ्यांत दुय्यम खेळाडू उतरवतात आणि तरीही बहुधा शेवटपर्यंत पोहोचतात. २०२४-२५ पासून मुख्य फेऱ्यांमधले फेरसामनेही रद्द झाले. मोठ्या क्लबला बरोबरीत रोखून त्याच्या मैदानावर फेरसामना खेळायला जाणे हा लहान क्लबांच्या वर्षभराच्या खर्चाचा आधार असे, त्यामुळे हा निर्णय मला मनापासून चुकीचा वाटतो. पण त्याच वर्षी, १७ मे २०२५ रोजी, क्रिस्टल पॅलेसने मँचेस्टर सिटीला १-० असे हरवून आपल्या इतिहासातला पहिला मोठा करंडक जिंकला. एबेरेची एझेचा गोल सोळाव्या मिनिटाला झाला, आणि गोलरक्षक डीन हेंडरसनने पेनल्टी अडवली. त्याआधी १९९० आणि २०१६ अशा दोन अंतिम सामन्यांत हरलेल्या त्या क्लबच्या प्रेक्षकांचे चेहरे आपण जरूर शोधून पाहा.

हे सगळे परदेशातले झाले, पण मुंबईला ही गोष्ट अनोळखी नाही. बाद पद्धतीची रोव्हर्स कप स्पर्धा आपल्या शहरात १८९१ मध्ये सुरू झाली. पहिली अनेक वर्षे गोऱ्या पलटणींचे संघ ती जिंकत. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा करंडक उचलणारा पहिला भारतीय संघ ठरला, आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी तो आपल्याकडे ठेवला. २०००-०१ च्या हंगामानंतर ही स्पर्धा बंद पडली. मी शाळेत असताना माझे मामा मला रोव्हर्सच्या सामन्यांना कूपरेज मैदानावर घेऊन जात. एरवी मुंबईतल्या हारवूड लीग या साखळी स्पर्धेच्या सामन्यांना ते एकटेच जात आणि तेथे तुरळक माणसे असत, पण रोव्हर्सच्या अंतिम सामन्याला त्यांच्या खात्यातले निम्मे लोक अर्ध्या दिवसाची रजा टाकून येत. लीगच्या तक्त्यात कोण कुठे आहे हे त्या लोकांना ठाऊक नसे, तरी त्या दिवशी घरी बसणे त्यांना जमत नसे.

राहिला प्रश्न काय पाहावे याचा. सामना सुरू होण्याच्या किमान अर्धा तास आधी दूरचित्रवाणीसमोर बसा. १९२७ पासून खेळाआधी एक ख्रिस्ती प्रार्थनागीत गायले जाते. त्या वेळी दोन्ही बाजूंचे प्रेक्षक एकत्र गातात आणि सामना संपेपर्यंत ते पुन्हा कशातही एकत्र नसतात. खेळ सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटे चेंडूपेक्षा बचावपटूंकडे लक्ष द्या, कारण दडपण पहिल्यांदा त्यांच्या पायांत दिसते. लीगमध्ये सहज दिला जाणारा आडवा पास येथे गोलरक्षकाकडे मागे जातो. बरोबरी राहिली तर तीस मिनिटांचा जादा वेळ आणि मग पेनल्टी शूटआउट असते. आणि करंडकाच्या कानांना बांधलेल्या फितींकडे नजर ठेवा. सामना चालू असताना त्यावर दोन्ही संघांच्या रंगांच्या फिती असतात. शेवटची शिट्टी वाजल्यावर, करंडक विजेत्यांच्या हाती जाण्याआधी, हरलेल्या संघाच्या फिती सोडून घेतल्या जातात.